खोटं पत्र आणि खरी टाकी

"मॅडम, तुम्ही स्वतः कधी फसलाय का?"

हा प्रश्न खरं तर शिट्टीचा नव्हता, तिच्या मागच्या दोन बाकांचा होता. शाळेच्या सभागृहात संगणक-सुरक्षेवर बोलायला आलेल्या बाई तासभर बोलत होत्या आणि हा प्रश्न विचारायची कुणाची छाती होणार नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. शिट्टीचा आवाज शाळेत सगळ्यांत वरच्या पट्टीतला. नाव त्यावरूनच पडलेलं. गेल्या वर्षीपर्यंत तिला त्याची लाज वाटायची. यंदा वक्तृत्वात ढाल मिळाली आणि तेव्हापासून ती आपणहून "मी शिट्टी" अशी ओळख करून देऊ लागली. तर ती उभी राहिली आणि विचारून मोकळी झाली.

मुख्याध्यापिकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाहुण्या बाईंनी मात्र शांतपणे चष्मा काढून पुसला.

"हो," त्या म्हणाल्या. "गेल्याच महिन्यात. मुलीच्या सहलीचं संमतिपत्र आल्यासारखा मेल आला. माझ्या एका हातात कालथा होता, दुसऱ्या हाताने मी लिंक दाबली. पुढचे चार दिवस आमच्या अख्ख्या ऑफिसला माझ्या नावाने केस उगवणाऱ्या तेलाच्या जाहिराती जात होत्या. साहेबांना दोनदा गेली. साहेबांना टक्कल आहे."

सभागृह हसलं, बाईही हसल्या. शिट्टी हसायचीच विसरली. एवढं मोठं माणूस, माईक हातात धरून, तीनशे पोरींसमोर इतकं सरळ 'हो' म्हणतं, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या घरी बाबा चुकीच्या बसमध्ये चढले तरी "मुद्दाम लांबून आलो, जरा शहर बघावं म्हटलं" असं म्हणायचे.

"म्हणून आता आम्ही आमच्याच माणसांना अधूनमधून खोटे मेल पाठवतो," बाई पुढे म्हणाल्या. "कोण दाबतंय ते बघायला. सराव म्हणून."

त्यानंतर बाईंनी परवानगी, पूर्वसूचना आणि जबाबदारी यांबद्दल आणखी बरंच काही सांगितलं, असं मैत्रिणी नंतर म्हणाल्या. शिट्टीने ते ऐकलं नाही. तिच्या डोक्यात दिवा लागला होता आणि तो दिवा कसा विझवतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

शिट्टीच्या इमारतीत चोवीस घरं. बाबा लिफ्टच्या देखभालीचं काम करायचे आणि इमारतीच्या समितीचे सेक्रेटरी होते. म्हणजे गळकी पाइपलाइन, बंद पडलेला दिवा आणि जिन्यातली मांजर या तिघांबद्दलच्या शिव्या त्यांच्या नावावर. चोवीस घरांचे ईमेल पत्ते घरच्या संगणकात होते. शुक्रवारी शाळेतून आल्यावर शिट्टीने एक नवा ईमेल पत्ता उघडला, त्याला 'सेक्रेटरी, इमारत समिती' असं भारदस्त नाव दिलं आणि शनिवारी सकाळी नऊ वाजता, बाबा गच्चीवर लिफ्टच्या मोटारीत डोकं घालून बसलेले असताना, पुढचं पत्र चोवीस घरांना धाडलं:

'टाकी धुण्याचे काम असल्याने आज दुपारपासून पाणी बंद राहील. असुविधेबद्दल क्षमस्व. आपल्या घराचे पाणी सुरू ठेवायचे असल्यास ताबडतोब खालील लिंकवर क्लिक करा.'

लिंक दाबली की शिट्टीने शाळेच्या प्रकल्पासाठी बनवलेलं पान उघडत होतं. त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'तुम्ही फसलात. घाबरू नका. हा सराव होता.' खाली किती जणांनी दाबलं त्याचा आकडा दिसायचा. दोन-चार जण फसतील, मग आपण संध्याकाळी गेटपाशी उभं राहून छोटंसं भाषण करू, असा तिचा बेत होता. भाषणाची पहिली दोन वाक्यं तयारही होती.

नऊ वाजून चार मिनिटांनी आकडा सहा होता. सव्वानऊला एकतीस. शिट्टी खुर्चीत पुढे सरकली. घरं चोवीस आणि बोटं एकतीस? मग तिच्या लक्षात आलं की लोक लाल अक्षरं वाचतच नव्हते. पान उघडून पाणी 'सुरू' झाल्याची काही खूण दिसली नाही, म्हणून परत दाबत होते. एका घराने सतरा वेळा दाबलं होतं.

पहिलं उत्तर आलं ते स्वयंपाकघरातून, म्हणजे आईचं. आई छापखान्यात मुद्रितं तपासायची आणि तिच्या नजरेतून वेलांटीसुद्धा सुटत नसे. तिने पत्र दुरुस्त करून परत पाठवलं होतं: "'असुविधा' नको, 'गैरसोय' लिहा. 'क्षमस्व'ने काम भागत नाही, कोण क्षमा मागतंय तेही येऊ दे."

शिट्टी उठून स्वयंपाकघरात गेली. "आई, तू लिंक दाबलीस?"

"दाबली की. म्हटलं, पुढच्या पानावरही चुका असतील."

"मग पुढचं पान वाचलंस ना?"

"वाचलं. एकही चूक नाही. चांगलं लिहिलंय कुणीतरी," आई म्हणाली आणि नळाखाली तिसरी बादली लावली.

तेव्हा शिट्टीला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं, आपल्याच नळाचा. मग तो भिंतीतून यायला लागला, मग वरून, मग खालून. ती गॅलरीत आली. चोवीस घरांतले नळ एकाच वेळी वाहत होते. बादल्या, टब, पिंप, पातेली, वरच्या मजल्यावरच्या बाळाचं आंघोळीचं घंगाळ, सगळ्यांत पाणी पडत होतं. इमारत मोठ्या वाद्यासारखी घुमत होती. शिट्टी कठडा धरून तशीच उभी राहिली. तीन वाक्यं. तिने खोलीत बसून, पायात एकच मोजा असताना तीन वाक्यं लिहिली होती आणि बाहेर भिंती गात होत्या. भीती वाटायला हवी होती, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला आपण समुद्राला हाक मारली आणि समुद्राने 'ओ' दिली असं वाटत होतं.

अकरा वाजता टाकी रिकामी झाली आणि पाणी खरोखर गेलं.

बाबा काळे हात घेऊन खाली आले, तर जिन्यात लोक त्यांना थांबवून हात मिळवत होते. तिसऱ्या मजल्यावरचे विमेकाका म्हणाले, "सेक्रेटरी असावा तर असा. वेळेवर कळवलंत, म्हणून निभावलं." विमेकाका विमे विकायचे आणि प्रत्येक विषयावर सल्ला देणं हा त्यांचा जोडधंदा होता. दमट हवेत संगणकाचे व्हायरस जास्त पसरतात, म्हणून संगणकाशेजारी तुरटीचा खडा ठेवावा, हा सल्ला त्यांनी इमारतीत दोनदा दिला होता.

बाबांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. पण सहा वर्षांत त्यांना कुणी धन्यवाद दिले नव्हते आणि आता ओळीने मिळत होते. ते छाती थोडी पुढे काढून म्हणाले, "आपलं कर्तव्यच आहे."

शिट्टीने दार लावून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. बाबा काळे हात तसेच घेऊन खुर्चीत बसले.

"म्हणजे ते पत्र खोटं होतं."

"हो."

"मग मी सात जणांना 'आपलं कर्तव्यच आहे' म्हणालो, त्याचं काय करायचं?"

"बाबा, मी दुसरं पत्र पाठवते. पहिलं खोटं होतं म्हणून."

तिने तसं पाठवलं. चार मिनिटांत विमेकाकांचं उत्तर सगळ्यांना एकदम आलं: 'सावधान. हे दुसरे पत्र खोटे आहे. पहिले खरे होते. पाणी गेलेले आहे, कुणीही नळ उघडून खात्री करून घ्यावी.' खाली एकोणीस जणांनी अंगठा दाखवला होता.

बाबांनी शिट्टीचा नवा ईमेल पत्ता आपल्यासमोर बंद करायला लावला. "पत्राने केलेली घाण पत्राने निघत नाही," ते म्हणाले. "उद्या चोवीस दारांत जायचं. पायांनी. माफी मागायची, आणि ज्यांना हवं असेल त्यांना खोटा मेल कसा ओळखायचा ते दाखवायचं. एवढं ज्ञान उतू चाललंय तर जरा वाटून ये."

रविवारी ती निघाली. हातात एक यादी होती, बाईंच्या भाषणातून जेवढं ऐकलं होतं त्यावरून केलेली. खोट्या मेलची पाच लक्षणं: घाई, धमकी, अनोळखी पत्ता, नावाऐवजी 'प्रिय ग्राहक', आणि 'इथे दाबा'. पहिल्या चार दारांत तिचा आवाज कापत होता. दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरकाकू हसून म्हणाल्या, "सतरा वेळा दाबणारी मीच हो. पेशंट खुर्चीत आ करून बसला होता, म्हटलं तोंड धुवायला पाणी नको?" पण दहाव्या दारानंतर लोक आपापले मेल उघडून तिच्यापुढे धरायला लागले आणि शिट्टीचा सूर लागला. हा खोटा. हा खोटा. हा तर फारच खोटा, काकू. माफी मागायला निघालेली मुलगी बाराव्या दारापाशी तज्ज्ञ झाली होती.

तळमजल्यावर मास्तर राहायचे. अडतीस वर्षं टपाल कार्यालय सांभाळलेले पोस्टमास्तर, आता एकटे. एका डोळ्याने त्यांना लहानपणापासून दिसत नव्हतं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता.

"तूच बघ बाई," ते खुर्ची तिच्याकडे सरकवत म्हणाले. "मला अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात. आणि मुंग्या हल्ली चालायलाही लागल्यात."

सहाशे बारा मेल न वाचलेले. शिट्टीने बाह्या सारल्या. लॉटरी, डिलीट. दूरच्या कुठल्या राजपुत्राचा खजिना, डिलीट. केस उगवणारं तेल, डिलीट. मग एक असा आला की तिने तो कौतुकाने मोठ्याने वाचून दाखवला: "'प्रिय रुग्ण, आपली तारीख निश्चित करण्यासाठी मंगळवारी सकाळी अकरापर्यंत इथे दाबा. अन्यथा तारीख रद्द होईल.' बघा मास्तर, किती सुंदर नमुना आहे. घाई आहे, धमकी आहे, नाव नाही, पत्ता अनोळखी आणि 'इथे दाबा'."

"पाचही म्हणतेस?"

"पैकीच्या पैकी."

तिने तो उडवला. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, कारण काम अर्धवट टाकायचं नाही हे ढाल देताना परीक्षक म्हणाले होते.

सोमवारी ती शाळेतून आली तेव्हा मास्तर गेटपाशी उभे होते, ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळावर हात धरून.

"काय गं, काल माझ्या पत्रांत डोळ्यांच्या इस्पितळाचं काही नव्हतं ना? सात महिने झाले नाव लावून. तारीख मेलवर येईल म्हणाले होते."

शिट्टीला कालचा तो 'सुंदर नमुना' आठवला. तिने तोंड उघडलं, आणि गावभर ऐकू जाणारा तो आवाज कुठे गेला कोण जाणे.

"होतं, मास्तर," ती कशीबशी म्हणाली. "मी उडवलं."

मास्तरांनी कपाळावरचा हात खाली घेतला आणि ते भिंतीचा अंदाज घेत घेत पायरीवर बसले. मग म्हणाले, "तू वाचलंस तेव्हा मीही ऐकलंच होतं की. उद्या अकरा म्हणालीस ना? फोन लाव."

त्यांच्या जुन्या केसपेपरवर इस्पितळाचा नंबर होता. पलीकडच्या बाईंचा आवाज थंड होता.

"मेलमधला क्रमांक सांगा."

"मेल डिलीट झाला. पण तारीख तुमच्याकडे असेलच. आम्हाला ती लगेच पक्की करायचीय, उद्या अकराच्या आत."

"आपण कोण?"

"मी शेजारीण. ते इथेच बसलेत. देऊ का?"

"आवाजावरून आम्ही माणूस ओळखत नाही. आमच्याकडे नुकतंच सुरक्षेचं प्रशिक्षण झालंय. घाई करणारे, स्वतःबद्दल नीट न सांगणारे, ओळखीच्या नंबरवरून न बोलणारे फोन आले तर माहिती द्यायची नाही. रुग्णाने ओळखपत्र घेऊन स्वतः यायचं."

शिट्टीने फोन ठेवला आणि बोटांवर मोजलं. तिच्या स्वतःच्या यादीतली तीन लक्षणं तिच्याच बोलण्यात होती. प्रशिक्षण चांगलंच झालं होतं, हे तिला कबूल करावं लागलं.

मंगळवारी सकाळी बाबा, मास्तर आणि शिट्टी इस्पितळात पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. लिफ्ट बंद होती. बाबा दाराला कान लावून म्हणाले, "ब्रेकची पट्टी गेलीय. पाच मिनिटांचं काम आहे." शिट्टीने त्यांच्या बाहीला धरून ओढलं. जिना चढून, रांगेत उभं राहून, खिडकीपाशी पोचायला साडेदहा वाजले.

खिडकीतल्या कारकूनबाईंनी ओळखपत्र उलटसुलट पाहिलं. वीस वर्षांपूर्वीचा फोटो, त्यात नाकाखाली झाडूएवढ्या मिशा. समोर तुळतुळीत मास्तर.

"हे तुम्ही नाही."

"अहो, तेच आहेत," शिट्टी पुढे झुकली. "मिशा काढल्यात. मी साक्षीला आहे, मी त्यांना जन्मापासून ओळखते."

"कुणाच्या जन्मापासून?"

"माझ्या."

"मग तुम्ही मिशा पाहिल्यात का?"

शिट्टीने त्या पाहिल्या नव्हत्या. भिंतीवरचं घड्याळ दहा पस्तीस दाखवत होतं आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. एक डोळा आधीच गेलेल्या माणसाचा दुसरा डोळा तिने एका बोटाने डिलीट केला होता. पुढची तारीख आणखी सात महिन्यांनी, असं खिडकीवर पाटी लावून सांगितलं होतं.

मास्तर मात्र खूश दिसत होते. ते खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात ठेवून, आपल्याच खिडकीपाशी आल्यासारखे उभे राहिले.

"बरोबर करताय, बाई," ते म्हणाले. "मीसुद्धा दिलं नसतं. एकदा आमच्या साहेबांचंच रजिस्टर पाकीट मी साहेबांना दिलं नव्हतं, ओळखपत्र घरी राहिलं म्हणून. पण माणूस दारात उभा असला की आम्ही त्याला परतही पाठवत नसू. चोराकडे नसेल अशी एखादी खूण मागायचो. तुमच्याकडे माझ्या डोळ्याचा फोटो असेल ना, नाव लावताना काढलेला?"

कारकूनबाई थबकल्या. "असेल."

"मग डोळा मी बरोबर आणलाय. मिशा राहिल्या."

अख्खी रांग हसली. कारकूनबाईंच्या ओठांचा कोपराही हलला. त्यांनी आतल्या तपासणीच्या ताईंना फोन केला.

आतल्या खोलीत अंधार होता. मास्तरांनी यंत्रावर हनुवटी टेकली आणि पडद्यावर त्यांचा डोळा आला, ताटाएवढा. ताईंनी शेजारी जुना फोटो उघडला.

शिट्टीने असं काही पाहिलं नव्हतं. मधोमध मोतीबिंदू, हिवाळ्यात काचेवर साचतं तसं दुधट धुकं. आणि त्याच्याभोवती तपकिरी धाग्यांचं रान. हजारो धागे, काही सरळ, काही गुंतलेले, मध्येच खळगे, खालच्या बाजूला मोहरीएवढा एक काळा ठिपका. दुसऱ्या फोटोत तेच रान, तोच गुंता, तोच ठिपका. हे सगळं रोज गेटपाशी तिच्याशी बोलत उभं असायचं, आणि तिला कधी दिसलं नव्हतं. कुठलाही लबाड माणूस कितीही हुशार असो, बसून हे विणू शकणार नाही, असं तिला वाटलं, आणि तिला श्वास सोडायची आठवण ताईंच्या आवाजाने झाली.

"तेच आहेत," ताई म्हणाल्या. "हा ठिपका माझ्या लक्षात आहे."

दहा बावन्नला कारकूनबाईंनी शिक्का मारला. शुक्रवारी ऑपरेशन. कागद देताना त्यांनी मास्तरांना खालच्या आवाजात विचारलं, "साहेबांना पाकीट मग मिळालं का हो?"

"दुसऱ्या दिवशी. ओळखपत्र आणलं तेव्हा."

बाबा परत जाताना लिफ्टपाशी थांबलेच, म्हणून शिट्टी आणि मास्तर खाली बाकावर बसले. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही मला रागावला नाहीत."

"रागावलो होतो की. काल संध्याकाळभर." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "आमच्याकडे पत्ता पुसलेली पत्रं यायची. फाटकी, भिजलेली, काही तर उघड उघड फसवणुकीची. आम्हाला वास यायचा. पण फेकायचा हक्क आमचा नव्हता. शंका आली तर ज्याचं पत्र आहे त्याला बोलावून विचारायचं, नाहीतर पाठवणाऱ्याच्या दारात जाऊन यायचं. तू परवा सांगितलंस ना मला, पाचही लक्षणं आहेत म्हणून? तेव्हा मीच म्हणायला हवं होतं, थांब, हे माझं असेल. मलाही उडवायची मजा यायला लागली होती."

शिट्टीने तो कागद त्यांच्याकडून मागून घेतला आणि मोठ्याने वाचून दाखवला.

ऑपरेशननंतर दोन आठवडे मास्तरांनी पडद्याकडे बघायचं नाही, असं त्या कागदावर लिहिलं होतं. औषधाच्या वेळा, पुढच्या तपासण्या, सगळं मेलवर येणार होतं.

संध्याकाळी आई मुद्रितांचा गठ्ठा घेऊन बसली होती आणि बाबा हातावरचं वंगण घासून काढत होते. लिफ्ट दुरुस्त झाली होती आणि इस्पितळाने त्यांचे रीतसर आभार मानले होते, त्यामुळे ते फार प्रसन्न होते. शिट्टी दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. वक्तृत्वात उभी राहते तशी नव्हे, दोन्ही हात मागे घेऊन.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "दोन आठवडे शाळेतून आले की मी थेट मास्तरांकडे जाणार. आलेली सगळी पत्रं त्यांना वाचून दाखवणार. सगळी म्हणजे सगळी. लॉटरीची, राजपुत्राची, तेलाची पण. कुठलं ठेवायचं, कुठलं उडवायचं, कुणाला फोन करून खात्री करायची, ते मास्तर सांगतील. मी मधे बोलणार नाही. मी फक्त वाचणार."